एका दाण्याच्या दोन वाटा: आंबील आणि काळी बिअर

येळवशीच्या आदल्या रात्री कळंब तालुक्यातल्या आमच्या घरी चुलीच्या उबेला मातीचं एक बिंदगं ठेवलेलं असतं. बाहेरून चुन्याची आणि कावेची बोटं ओढलेली, तोंडाला धुतलेलं फडकं बांधलेलं, अंगाला जुनी गोधडी गुंडाळलेली. पहाटे उठल्यावर आई आधी त्या बिंदग्यापाशी जाते आणि फडकं न सोडता कान लावते. आत बारीक चुरचुर ऐकू आली, की म्हणते, "बोलतंय." मग बाकीच्या स्वयंपाकाला हात लावते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याचा फोन आला. तो अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात नोकरीला असतो. त्याच्या बहिणीचं लग्न तिथेच ठरलं होतं आणि पाहुण्यांसाठी घरी बिअर करायचं त्याच्या मनात होतं. साधी पिवळी नको, चांगली काळी, हॉप्सने कडू झालेली. पहिली खेप झाली, पण ती आंबून गेली. बाटली उघडली तर ताकासारखा वास. त्याने आजीलाच विचारलं, "आजी, तुझी आंबील आंबट होते ते चांगलं, आणि माझी बिअर आंबट झाली ते वाईट. असं का?"

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आरं लेकरा, तू काय घातलंस आन् आपसूक काय शिरलं, ह्ये दोन येगळं आसतंय."

आंबवण्याचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात आहे. हा लेख म्हणजे त्या वाक्याचा विस्तार.

कडब्याच्या कोपीतला सण

धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत, सोलापूरच्या काही भागांत आणि पलीकडे बिदर-कलबुर्गीकडे मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या साजरी होते. बोलण्यात ती येळवस. शेजारच्या कानडी मुलखात या दिवसाला एळ्ळ अमावास्ये म्हणतात. एळ्ळ म्हणजे तीळ. डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या सुरुवातीला हा दिवस येतो. पावसाळा संपता संपता पेरलेली रब्बीची ज्वारी तेव्हा कमरेच्या वर गेलेली असते, काही रानांत पोटऱ्यात आलेली असते. हरभऱ्याला घाटे धरू लागतात, तुरीच्या शेंगा भरतात. सकाळी दहाच्या पुढे गावं आणि शहरांतल्या गल्ल्या ओस पडतात, कारण सगळे रानात असतात. ज्याला स्वतःचं शेत नाही, त्याला कुणीतरी आपल्या शेतावर बोलावतंच.

शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधतात. आत मातीचे किंवा दगडाचे पाच पांडव मांडतात, त्यांना चुना लावतात, पूजा करतात, नैवेद्य दाखवतात. मग घरातला कर्ता माणूस आंबील घेऊन पिकाभोवती फेरी मारतो आणि चहूबाजूंना ती शिंपडतो. मागून पोरं आरोळ्या देत पळत असतात. त्यानंतर पंगत. तूर, हरभरा, वाल, वाटाणा, शेंगदाणे, गाजर, बोरं आणि रानातला असेल तो पाला घालून, बेसन लावून केलेली भज्जी. ज्वारी-बाजरीच्या भाकरी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि या सगळ्यांसोबत आंबील. भाजीत फरक पडला तरी कुणी काही म्हणत नाही. आंबील बिघडली तर मात्र वर्षभर बोललं जातं.

बिंदग्यात काय घडतं

आंबिलीची रीत घरागणिक बदलते. आमच्या घरची सांगतो.

येळवशीच्या तीन-चार दिवस आधीपासून आई ताक साठवते. आदल्या दिवशी दुपारी ज्वारीच्या जाडसर कण्या भरपूर पाण्यात मऊ शिजवते, त्यात ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून सोडते आणि रटरट आल्यावर खाली उतरवते. यापुढचा टप्पा खरा महत्त्वाचा. पातेलं झाकून ती तासभर दुसरी कामं करते. मधूनमधून येऊन करंगळी बुडवते. चटका बसतोय तोवर ताकाला हात लावत नाही. करंगळी सुखाने आत राहिली, की मग ताक ओतते, पळीने एकाच दिशेने ढवळते आणि सगळं बिंदग्यात भरते.

मी एकदा त्या क्षणी थर्मामीटर बुडवून पाहिला. 38 अंश सेल्सिअस. आईची करंगळी आणि सूक्ष्मजीवशास्त्राचं पुस्तक यांचं इथे पूर्ण एकमत आहे.

ताकात दुधातल्या साखरेवर वाढलेले लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू कोट्यवधींनी असतात. उकळत्या कण्यांत ते घातले तर क्षणात मरतील. कण्या पार गार झाल्यावर घातले तर ते सुस्त राहतील आणि तेवढ्या वेळात हवेतला, भांड्याला चिकटलेला दुसराच कुणी जीव आत घर करील. कोमट कण्यांत ते लगेच कामाला लागतात. कण्या उकळताना आधीचे बहुतेक सगळे जीव मेलेले, म्हणजे मैदान मोकळं. आणि त्या मोकळ्या मैदानात आपल्या बाजूचे गडी एकदम मोठ्या संख्येने उतरवलेले. बिअर करणाराही हेच करतो: उकळायचं, निववायचं आणि योग्य तापमानाला यीस्टची मोठी फौज आत सोडायची. भांडं बदलतं, जीव बदलतो, डाव तोच राहतो.

रात्रभरात जिवाणू साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. आंबटपणा मोजायची एक पट्टी असते, तिला सामू म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू 7. आकडा जितका खाली, तितका पदार्थ आंबट. चांगली आंबलेली आंबील 4 च्या आसपास येते. सामू 4.6 च्या खाली गेला, की अन्नातून जिवाला धोका करणारा बोट्युलिझमचा जिवाणू वाढूच शकत नाही, आणि पोट बिघडवणाऱ्या इतर अनेकांची वाढ खुंटत जाते. आंबिलीचा आंबटपणा हा तिचा पहारेकरी आहे. काही जिवाणू आम्लासोबत थोडा कार्बन डायऑक्साइडही सोडतात. बिंदग्यातली चुरचुर ती. दाण्यात लोह आणि जस्त यांना धरून ठेवणारं फायटिक आम्ल असतं, तेही आंबवताना कमी होतं आणि ती खनिजं अंगी लागायला मदत होते.

बिंदगं मातीचंच का, याचंही कारण आहे. आंबट पदार्थ उघड्या तांब्या-पितळेत रात्रभर राहिला तर धातू विरघळून कळकतो. म्हणून तर पितळेच्या भांड्यांना कल्हई करायची. मातीला ती भीती नाही.

सकाळी लसूण, जिरं, हिरवी मिरची, कोथिंबीर वाटून घालायची, मीठ घालायचं, की झाली आंबील. ती प्यायल्यावर कोपीत डोळे मिटू लागतात आणि लोक म्हणतात, आंबील चढली. पण ताज्या आंबिलीत नशा यावी एवढं अल्कोहोल नसतं. थंडीतलं ऊन, भरलेलं पोट आणि वर्षभराच्या कष्टांनंतर मिळालेला मोकळा दिवस यांची ती गुंगी असते.

दाण्याचं कुलूप

आता प्रश्न असा, की हीच ज्वारी, हीच उकळ, हीच ऊब. मग आंबिलीची बिअर का होत नाही?

दाण्यातलं अन्न बहुतांशी स्टार्चच्या रूपात असतं. लग्नघरात कुरडया करताना गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून जो पांढरा चीक मिळतो, तो म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्चच. स्टार्च म्हणजे साखरेच्या हजारो कड्यांची साखळी. बिअरसाठी लागणारं यीस्ट सुट्या कड्या खातं. साखळीला ते तोंड लावू शकत नाही. कुलूप लावलेल्या कणगीसमोर उपाशी बसल्यासारखी त्याची गत होते. आंबिलीतल्या जिवाणूंनाही दाण्यातली आणि ताकातली थोडीच साखर मिळते, पण थोड्या साखरेत पुरेसं आम्ल तयार होतं. बिअरला मात्र खूप साखर लागते.

कुलपाची किल्ली दाण्याच्या पोटातच असते. दाणा भिजला आणि त्याला मोड आला, की कोंब वाढवण्यासाठी तो स्वतःच अमायलेज नावाची विकरं बनवतो आणि साठवलेली साखळी तोडायला घेतो. नेमक्या या वेळी मोड आलेला दाणा वाळवून त्याला थांबवायचं. विकरं तयार, पण साठा अजून शिल्लक. अशा दाण्याला माल्ट म्हणतात. बिअरसाठी जगभर मुख्यतः जवाचा माल्ट वापरतात.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. बाळाला देतात ते नाचणीचं सत्त्व म्हणजे माल्टच. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, दळायची. त्यात काय ताकद असते, ते घरी पाहता येतं. ज्वारीच्या पिठाची घट्ट, पळी उभी राहील अशी पेज शिजवा. ती चटका बसण्याइतपत गरम असताना, म्हणजे 60-65 अंशांना, मोड आणून वाळवलेल्या पण न भाजलेल्या नाचणीच्या पिठाचा एक चमचा तीत ढवळा. पाच-दहा मिनिटांत पळी आडवी होते आणि पेज पाण्यासारखी धावू लागते. जीभ लावली तर गोडसर लागते. साखळ्या तुटल्याची ती खूण. मग एक उकळी काढून प्यायची. पीठ आधी भाजलं तर हा चमत्कार होत नाही, कारण भाजण्याने विकरं मरतात.

माझा भाचा बिअर करतो तेव्हा पहिला तास हेच करतो. दळलेला माल्ट 66-67 अंशांच्या पाण्यात भिजत ठेवतो. तापमान दोन-तीन अंश खाली राहिलं तर साखर जास्त सुटी होते आणि बिअर पातळ, कोरडी होते. वर गेलं तर काही साखळ्या अर्ध्या तुटलेल्या राहतात आणि बिअरला अंग येतं. तासाभराने जो गोड रस गाळून घेतो, त्याला वर्ट म्हणतात.

ज्वारीचं कुलूप जवापेक्षा जड आहे. तिचा स्टार्च फुगून मोकळा व्हायला जवापेक्षा अधिक, साधारण 70 अंशांच्या आसपासचं तापमान लागतं, आणि तेवढ्या उष्णतेत विकरं फार काळ तग धरत नाहीत. शिवाय ज्वारीच्या माल्टमध्ये साखर सुटी करणारं एक विकर मुळातच कमी असतं. आणखी एक गोष्ट आपल्याकडचा प्रत्येक गुराखी जाणतो. कोवळ्या ज्वारीत जनावर शिरलं तर त्याला किराळ लागते आणि ते तडफडून दगावतं. कोवळ्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. ज्वारीला मोड आणले, की तेच द्रव्य त्या मोडांत उतरतं. म्हणून ज्वारीचा माल्ट करणारे तो वाळवून मोड आणि मुळ्या चोळून काढून टाकतात. कडधान्यासारखे ज्वारीचे मोड आणून खायचे नसतात, ते याच कारणाने.

काळा रंग भाजण्याचा

गोड रस तयार झाला. त्याला काळा रंग कुठून येतो?

उत्तर आपल्या मसाल्याच्या डब्यात आहे. मराठवाड्याचा काळा मसाला काळा होतो, कारण सुकं खोबरं, धने आणि बाकीचा मसाला आपण करपण्याच्या काठापर्यंत भाजतो. त्या काठाच्या अलीकडे थांबलं तर मसाला फिका, पलीकडे गेलं तर कडू. भाकरीवरचे डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, हुरड्याचा खमंगपणा, या सगळ्यांच्या मागे एकच क्रिया आहे. साखर आणि प्रथिनांचे घटक उष्णतेत एकत्र येऊन तपकिरी रंगाची आणि शेकडो वासांची नवी द्रव्यं बनवतात. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती मायार क्रिया.

काळ्या बिअरमध्ये सगळा माल्ट काळा नसतो. पूर्ण भाजलेल्या माल्टमधली विकरं मेलेली असतात, मग साखर कोण सोडवणार? वीस लिटर बिअरसाठी पाचेक किलो फिका माल्ट घेतला, तर त्यात तीन-चारशे ग्रॅम काळा माल्ट पुरतो. तेवढ्यावर अख्खं पातेलं कॉफीच्या रंगाचं होतं. 1817 मध्ये डॅनिएल व्हीलर या इंग्रज माणसाने फिरत्या पिंपात माल्ट न जाळता काळा करायची पद्धत शोधून तिचं पेटंट घेतलं. त्याआधी गडद बिअरसाठी सगळाच माल्ट तपकिरी करावा लागे आणि त्यात साखर वाया जाई. व्हीलरच्या पिंपाने थोड्या काळ्या माल्टवर काम भागलं. चिमूटभर काळ्या तिखटाने रस्सा रंगावा, तसं.

कडूपणाचं काम

भाच्याच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर इथे येतं.

वर्ट म्हणजे गोड, पातळ, जीवनसत्त्वांनी भरलेला रस. यीस्टइतकाच तो लॅक्टिक जिवाणूंनाही प्रिय. म्हणजे आंबिलीचा नायक बिअरमध्ये शिरला, की तिथे तो खलनायक ठरतो. त्याला बाहेर ठेवायला बिअर करणाऱ्यांनी एक वेल शोधली. हॉप्स. भांगेच्याच कुळातली ही वेल, आणि तिच्या मादी फुलांत पिवळी, चिकट धूळ असते. वर्ट तासभर उकळताना ही फुलं त्यात घातली, की त्या धुळीतली अल्फा आम्लं रूप बदलतात आणि रसात विरघळतात. तोच बिअरचा कडूपणा. ही द्रव्यं लॅक्टिक जिवाणूंच्या आवरणावर आघात करून त्यांची वाढ रोखतात. यीस्टला मात्र त्यांचा त्रास होत नाही. दोन पाहुण्यांपैकी एकाला उंबऱ्यावर थोपवून दुसऱ्याला आत घेणारा हा दरवान. बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डेगार्ड या विदुषी जोगिणीने हॉप्समुळे पेय टिकतं असं लिहून ठेवलं आहे. जिवाणू म्हणजे काय, हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

उकळीच्या सुरुवातीला घातलेले हॉप्स कडूपणा देतात, पण त्यांचा सुवास वाफेबरोबर उडून जातो. म्हणून शेवटच्या पाच-दहा मिनिटांत पुन्हा मूठभर घालतात. फोडणीचा कढीपत्ता आणि वरून घातलेली कोथिंबीर यांची कामं वेगळी असतात, तसंच हे.

काळी आणि भरपूर हॉप्सची बिअर ही आजकालची टूम नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला निघालेलं जहाज आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून चार ते सहा महिन्यांनी पोहोचत असे. उष्णतेत आणि हेलकाव्यात पिंपातली बिअर आंबू नये म्हणून तिच्यात जादा हॉप्स घालत. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या भट्टीतली फिकी बिअर इथल्या साहेबांसाठी येई. तिच्या नावाचा पुढे फार बोलबाला झाला. पण छावण्यांतल्या साध्या सैनिकांसाठी पोर्टर नावाची काळी बिअरही मोठ्या प्रमाणावर येत होती. भाच्याने लग्नासाठी निवडलेल्या बिअरची पूर्वज मुंबई बंदरात दोनशे वर्षांपूर्वी उतरलेली आहे.

हॉप्सची वेल आपल्याकडे का नाही? तिला नीट वाढून भरघोस फुलायला उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतात. धाराशिव 18 अंश अक्षांशावर आहे; इथला सगळ्यात मोठा दिवस 13 तासांच्या थोडा पुढे जातो. भाचा राहतो त्या राज्यातल्या याकिमा खोऱ्यात जूनमधला दिवस पावणेसोळा तासांच्या आसपास असतो, आणि अमेरिकेतले सुमारे तीन चतुर्थांश हॉप्स त्या राज्यात पिकतात. भारतात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात शेतकऱ्यांनी ही वेल लावली.

तर भाच्याचं काय चुकलं होतं? हॉप्स पुरेसे होते, पण वर्ट रात्रभर उघड्यावर निवत राहिला आणि यीस्ट सकाळी घातलं. हॉप्स जिवाणूंची वाढ रोखतात, पण वेळ आणि ऊब मिळाली तर काही चिवट जाती तग धरतात. आजीच्या भाषेत, त्याने घालायच्या आधीच काहीतरी शिरलं.

यीस्टला ऊब किती

यीस्ट म्हणजे एका पेशीची बुरशी. 180 ग्रॅम ग्लुकोजपासून ते सुमारे 92 ग्रॅम अल्कोहोल आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बनवतं. लॅक्टिक जिवाणूंपैकी काही जाती त्याच 180 ग्रॅमचं जवळजवळ 180 ग्रॅम आम्ल करतात. एकाच साखरेपाशी येऊन दोन वाटा फुटतात, त्या इथे.

आंबणं ही जिवंत क्रिया आहे आणि बिघडणं म्हणजे नको त्या जिवाचं घुसणं, हे लुई पाश्चरने बिअरवरच्या 1876 च्या ग्रंथात मांडलं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने 1883 मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. त्याच प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सेनने 1909 मध्ये सामूची पट्टी मांडली. आईच्या आंबिलीचा आंबटपणा मी ज्या आकड्यात मोजतो, तो आकडा जन्मला बिअरच्या प्रयोगशाळेत.

भाच्याच्या बिअरचं यीस्ट 18 ते 22 अंशांत नीट काम करतं. धाराशिवात येळवशीच्या दिवसांत घरात साधारण एवढीच ऊब असते. पण आपल्याकडे लग्नं लागतात एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा. एवढ्या उष्णतेत यीस्ट बेभान होतं आणि डोकं धरायला लावणारी जड अल्कोहोलं बनवतं. म्हणून उष्ण देशात आंबवताना गारवा सांभाळणं हे अर्धं काम.

आठ-दहा दिवसांनी बुडबुडे थांबतात. मग बाटलीत भरताना लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालतात, म्हणजे उरलेलं यीस्ट बंद बाटलीत वायू तयार करतं आणि फेस येतो. साखर दुप्पट झाली तर बाटल्या फुटू शकतात. पुढे दोन-तीन आठवडे थांबायचं. लग्नाच्या तारखेपासून मागे मोजत सहा आठवडे आधी कामाला लागावं लागतं.

ज्वारीची काळी बिअर

ज्वारी मूळची आफ्रिकेची. आजच्या सुदानच्या बाजूला माणसाने तिला शेतात आणलं आणि सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. आपण तिची भाकरी आणि आंबील केली. तिच्या माहेरी लोकांनी तिच्यापासून बिअरही केली. दक्षिण आफ्रिकेत खोसा घरांतल्या बाया लग्नकार्यासाठी उम्कोम्बोथी करतात. मका आणि ज्वारीचा माल्ट शिजवतात, आधी आंबट होऊ देतात, मग त्यातच यीस्टचं काम होतं. हॉप्स नाहीत. गढूळ, दाटसर, आंबूस पेय तयार होतं आणि ते दोन-तीन दिवसांत संपवायचं असतं. म्हणजे आंबील आणि बिअर या दोन वाटा एकाच मडक्यातून जातात. पूर्वजांना त्याचा मान द्यायचा आणि मग पाहुण्यांनी प्यायचं. कोपीतल्या पांडवांना आधी आंबील दाखवणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

दुसरं उदाहरण नायजेरियाचं. गिनेसच्या डब्लिनमधल्या भट्टीत 1801 मध्ये वेस्ट इंडिजला पाठवायची, जादा हॉप्सची काळी पोर्टर नोंदली गेली. फॉरेन एक्स्ट्रा स्टाउट ही तिची वंशज पुढे नायजेरियातही बनू लागली. 1988 मध्ये नायजेरियाच्या सरकारने जवाच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या भट्ट्यांना देशी ज्वारी आणि मक्याकडे वळावं लागलं. ज्वारीचं जड कुलूप उघडायला बाहेरून विकरं घालावी लागली, आणि काळेपणासाठी भाजलेल्या जवाचा अर्क डब्लिनहून जात राहिला. काळी, कडू बिअर ज्वारीची होऊ शकते, याचा तो पुरावा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, मग ते घरच्या लग्नासाठी का असेना. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे सुमारे 757 लिटर, विकायचं नाही या अटीवर. भाचा करतो ते तिथे कायद्यात बसतं. आपल्याकडे करायची ती आंबील, आणि ती करण्यात कौशल्य तसूभरही कमी लागत नाही.

हाताचं माप

भाच्याने दुसरी खेप घेताना आजीला आंबिलीचं प्रमाण विचारलं, कारण लग्नात बिअरच्या शेजारी पाहुण्यांना आंबीलही द्यायची, असं त्याच्या मनात आलं होतं. अमेरिकेत ज्वारी भरपूर पिकते, पीठ मिळतं. आईने सांगितलं, "ओंजळभर कण्या, वाटीभर पीठ, ताक पुरंल येवढं." त्याने विचारलं, "पुरेल एवढं म्हणजे किती?" ती म्हणाली, "आंबंल येवढं."

मग मी तराजू घेऊन तिच्या शेजारी बसलो. तिच्या एका ओंजळीत 130 ग्रॅम कण्या मावल्या, दुसऱ्या वेळी 128. ताक तिने नजरेने ओतलं, ते साऱ्याच्या जवळजवळ पाचवा हिस्सा भरलं. करंगळीचं तापमान तर मी आधीच लिहिलेलं होतं. तिने आयुष्यात कधी आकडा मोजला नाही, पण तिचा हात चुकत नाही. चुकला असता तर आमच्या घरी इतक्या येळवशी आंबट-गोड झाल्या नसत्या. बिअरवाल्यांनी आपलं ज्ञान वहीत लिहिलं, प्रयोगशाळा उभारल्या, म्हणून त्यांच्या बिअरची आज पुस्तकं आहेत. आंबिलीचं ज्ञान त्याच तोलाचं असून बायांच्या हातात राहिलं, आणि हात थकला की ते जातं. म्हणून मी ते आकडे वहीत उतरवले, आणि भाच्याला पाठवले.

या वेळी त्याने वर्ट तांब्याच्या नळीतून गार पाणी सोडून अर्ध्या तासात निववला आणि लगेच यीस्ट घातलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा आमच्याकडे रात्र होती. त्याने बोलण्याआधी फोन पिंपाच्या तोंडावरच्या नळीशी धरला. टप... टप... बुडबुडे फुटत होते. मी फोन आईच्या कानाला लावला. तिने डोळे मिटून ऐकलं, बिंदग्याचं ऐकते तसंच.

"बोलतंय," ती म्हणाली. "आता उघडू नगंस."